उजेडात धरून बघ



माझं सगळं आयुष्य पिंपरी-चिंचवडमध्ये लोखंड घासण्यात आणि दुसऱ्यांना ते घासायला शिकवण्यात गेलं. आज ज्या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे, त्याला हल्ली 'फीडबॅक' म्हणतात. बी.एड.च्या पुस्तकांत त्याला 'प्रत्याभरण' असा भारदस्त शब्द आहे. पण चाळीस वर्षांत एकाही वर्कशॉपमध्ये हा शब्द मी ऐकला नाही. आम्ही नुसतं 'सांगणं' म्हणत असू. जॉब बिघडला की मोठे मिस्त्री विचारायचे, "त्याला कुणी सांगितलं होतं का?" विषय एवढाच आहे. हाताने काम शिकणाऱ्याला कुणी, काय, कधी आणि किती सांगायचं?

मी मूळचा चाकणजवळचा. आज चाकण म्हटलं की मोटारी आठवतात. माझ्या लहानपणी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्गाची पडझड झालेली तटबंदी. वडील बैलगाडीतून कांदा घेऊन बाजारात जायचे. लिलावात भाव पुकारला जायचा, चिठ्ठी हातात पडायची आणि विषय संपायचा. शेजारच्याला आपल्यापेक्षा जास्त भाव का मिळाला, हे कुणी सांगत नसे. एकदा एका आडत्याने वडिलांना बाजूला घेऊन एक कांदा हातात दिला आणि म्हणाला, "पाटील, ही मान दाबून बघा. ओली आहे. आणखी चार दिवस सुकू द्यायला हवा होता." पुढच्या वर्षीपासून वडील पोत्यात भरण्याआधी माना दाबून बघायला लागले. मला वाटतं, या विषयाचा पहिला धडा मी तिथे पाहिला, फक्त तेव्हा कळलं नाही. चिठ्ठीवरचा आकडा वडिलांना दरवर्षी मिळत होता. त्याने ते खूश व्हायचे किंवा खचायचे, शहाणे होत नव्हते. शहाणे झाले ते ओल्या मानेने.

१९७९ साली मी चिंचवडला आलो. तो काळ सांगायला हवा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्यानंतर मोठमोठे कारखाने एकामागून एक उभे राहिले. टेल्को, बजाज ही नावं घराघरांत गेली. पण कारखाना उभा राहिला म्हणजे कारागीर उभा राहत नाही. आमची पोरं शेतातून आलेली. नांगर धरणारे हात मायक्रोमीटर कसा धरणार? त्यामुळे मोठ्या कारखान्यांनी आपापल्या प्रशिक्षण शाळा काढल्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने त्याला चौकट मिळाली होती. अशाच एका कारखान्याच्या शाळेत मी फिटर ट्रेडचा अप्रेंटिस म्हणून लागलो. मामाकडे चिंचवडगावात राहायचो.

पहिलं काम काय, तर लोखंडाचा एक ठोकळा कानस मारून सपाट आणि काटकोनात करायचा. ऐकायला सोपं वाटतं. कानस दोन हातांनी धरायची, उजवा हात मुठीवर, डावा टोकावर. पुढे ढकलताना कापायचं, मागे आणताना दाब सोडायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी ठोकळा सरांपुढे ठेवला. त्यांनी गुण्या लावला, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "परत." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "परत." तिसऱ्या दिवशीही तेच. सहा दिवस मी घासत होतो. हाताला फोड आले, फुटले. ठोकळा बारीक होत चालला आणि माझी छातीही. सर वाईट नव्हते. त्यांच्याकडे चाळीस पोरं होती आणि त्यांनाही त्यांच्या सरांनी 'परत' म्हणूनच शिकवलं होतं.

सातव्या दिवशी टूलरूममधले एक वयस्कर मिस्त्री काही कामासाठी आमच्याकडे आले होते. माझ्या व्हाइसपाशी थांबले.

"काय रे, किती दिवस झाले?"

"सहा, मिस्त्री."

"चुकतंय काय?"

"माहीत नाही. सर परत म्हणतात."

त्यांनी गुण्या माझ्या हातात दिला. "खिडकीकडे तोंड कर. पातं ठोकळ्यावर ठेव आणि उजेडात धरून बघ. काय दिसतं?"

मधे अंधार होता आणि दोन्ही कडांना उजेडाची बारीक फट.

"म्हणजे काय?"

"मधे उंच आहे."

"पोट आलंय. आता कुठल्या कडेला उजेड जास्त?"

"पलीकडच्या."

"कानस पलीकडच्या कडेवर कधी भारी पडते? सुरुवातीला का शेवटी?"

"शेवटी."

"तेव्हा तुझा कुठला हात दाबून असतो?"

मी हवेतच कानस मारून पाहिली. डावा. कानस पुढे गेली तरी डावा हात टोकावर तसाच दाबलेला. टोक खाली झुकणार आणि कड खाणार, हे उघड होतं.

"मग?" मिस्त्री म्हणाले आणि निघून गेले.

दुपारपर्यंत माझा ठोकळा सपाट झाला, असं मी सांगणार नाही. त्याला आणखी दोन दिवस लागले. पण ते दोन दिवस वेगळे होते. आता प्रत्येक दहा-पंधरा हातांनंतर मी स्वतः उजेडात धरून बघत होतो. सरांकडे जायची गरजच उरली नव्हती. मिस्त्रींनी मला काय चुकलं ते सांगितलंच नव्हतं, हे लक्षात घ्या. त्यांनी बघायचं कसं ते दाखवलं, आणि दिसलेल्या फटीपासून माझ्या हातापर्यंतची वाट मलाच शोधायला लावली. आपल्या डोळ्याला उजेडाची जी फट दिसते, ती माणसाच्या केसाच्या जाडीच्या छोट्याशा अंशाएवढी असली तरी दिसते. इतकं बारीक माप देणारी खिडकी सहा दिवस माझ्या पाठीमागे उघडी होती.

पुढे मी या विषयावर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की हे कोडं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनीही फार पूर्वी सोडवायला घेतलं होतं. थॉर्नडाइक नावाच्या शास्त्रज्ञाने डोळे मिटून ठरावीक लांबीची रेघ काढायला लावली, पुन्हापुन्हा. आपली रेघ लांब झाली की आखूड हे कळलंच नाही, तर शेकडो रेघा काढूनही हात सुधारत नाही, असं त्याला दिसलं. 'सरावाने सगळं येतं' असं आपण सहज म्हणतो. नुसत्या सरावाने काही येत नाही. चुकीचा हात पक्का होतो, एवढंच.

१९३२ साली ट्रोब्रिज आणि केसन या दोघांनी याच प्रयोगाला एक पायरी जोडली. डोळे बांधून तीन इंचांची रेघ काढायची. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर एक निरर्थक शब्द ऐकवला. तिसऱ्याला 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच सांगितलं. चौथ्याला रेघ किती जास्त किंवा किती कमी झाली ते सांगितलं, इंचाच्या आठव्या भागाच्या मापात. इंचाचा आठवा भाग म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत एक सूत. पहिल्या दोन गटांत सुधारणा नाही. 'बरोबर-चूक'वाल्यांत बरी सुधारणा. पण ज्यांना 'दोन सूत जास्त', 'एक सूत कमी' असं कळत होतं, ते कितीतरी पुढे गेले. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सरांचं 'परत' आठवलं. ते तिसऱ्या गटातलं होतं. खरं तर अर्धंच, कारण 'बरोबर' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही.

कारखान्यातल्या हत्यारांतही हाच फरक आहे. गो-नोगो गेज असतं. त्याचं एक तोंड भोकात जायला हवं, दुसरं जायला नको. हजारो नग तपासायचे असतील तर त्यासारखं हत्यार नाही. तपासणाऱ्याला डोकं चालवावं लागत नाही आणि चूकही होत नाही. पण शिकणाऱ्याला ते मुकं. भोक मोठं झालंय एवढं कळेल. किती, एका बाजूला की सगळीकडे, हे कळणार नाही. म्हणून शिकणाऱ्या पोराच्या हातात आधी मापणारं हत्यार द्यावं, पास-नापास करणारं नंतर. त्याहून जुनी युक्ती म्हणजे मार्किंग ब्लू. सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ हात मारायचा, जॉब त्यावर हलकेच फिरवायचा आणि उलटून बघायचा. उंच भागांवर निळे ठिपके उमटलेले असतात. तेवढेच काढायचे, पुन्हा फिरवायचा. जॉब स्वतःच बोलतो. शिकवणाऱ्याने फक्त ऐकायला शिकवायचं.

१९८८ साली मी स्वतः त्याच शाळेत शिकवायला लागलो. मी ठरवलं होतं की आपण 'परत'वाले सर व्हायचं नाही. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पोरांच्या खांद्यावर उभा राहून सांगत राहायचो. "डावा हात सोड. कोपर वर. पाय मागे. आता मोज. नाही, तसं नाही." क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं. माझी बॅच परीक्षेत पहिली आली. मला केवढा अभिमान! दोन महिन्यांनी शॉपमधल्या फोरमनचा फोन आला. "तुमची पोरं चांगली आहेत हो, पण दर पाच मिनिटांनी मान वर करून बघतात. कुणाला शोधतात?"

मला शोधत होती. कानशीच्या प्रत्येक फेरीनंतर माझा आवाज यायची त्यांना सवय झाली होती. तो थांबल्यावर त्यांना स्वतःचा हातच कळेना.

यावरही प्रयोग झाले आहेत. १९९० साली विनस्टाइन आणि श्मिट या दोघांनी लोकांना एक दांडा ठरावीक रीतीने हलवायला शिकवलं. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली. दुसऱ्याला निम्म्याच वेळा, तेही सुरुवातीला जास्त आणि पुढेपुढे कमी. सराव चालू असताना दोन्ही गट जवळपास सारखेच. पण दुसऱ्या दिवशी काहीही न सांगता काम करायला लावलं, तेव्हा निम्म्या वेळा ऐकलेला गट पुढे होता. सांगणं हे कुबडीसारखं आहे. पाय मोडलेल्याला ती हवीच. पण कायमची दिली तर पाय धरत नाही.

त्या फोननंतर मी एक साधी पद्धत सुरू केली. जॉब मला दाखवण्याआधी पोराने स्वतः मोजायचा आणि चिठ्ठीवर माप लिहायचं. चिठ्ठी उलटी ठेवायची. मग मी मोजायचो आणि माझं माप शेजारी लिहायचो. बोलणं व्हायचं ते या दोन आकड्यांतल्या फरकावर. "तुला हा सपाट वाटला, मला पॉइंट झिरो फाइव्हने उतार दिसतो. ये, पुन्हा दोघं मिळून मोजू." पहिले आठ-दहा दिवस आकडे जुळत नसत. पोरं व्हर्निअर तिरका धरायची, किंवा मनात असलेलं माप वाचायची. हे दुसरं फार होतं बरं का. जे हवं असतं तेच डोळ्याला दिसतं. मग हळूहळू दोन आकडे जवळ यायला लागायचे. गंमत अशी की आधी चिठ्ठ्या जुळायच्या आणि त्यानंतर काही दिवसांनी जॉब सुधारायचे. डोळा आधी शिकतो, हात मागून येतो. चिठ्ठ्या जुळायला लागल्या की मी दर तिसरा जॉबच तपासायचो. मग दर पाचवा. शेवटी पोरंच मला टाळायला लागायची, आणि हे माझ्या मते त्या पोराचं खरं सर्टिफिकेट.

वेल्डिंगवाल्यांचं कोडं याहून कठीण. हेल्मेट खाली ओढलं की माणूस काळोखात एकटा असतो. समोर फक्त तो लखलखता ठिपका. त्या वेळी बाहेरून ओरडून काही उपयोग नसतो. मग त्याला ऐकायला शिकवायचं. करंट आणि आर्कची लांबी बरोबर असली की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा तडतडाट येतो. आर्क लांबला की आवाज फाटतो, ठिणग्या उडतात. जवळ गेला की रॉड चिकटतो. आमचे एक वेल्डिंगचे मास्तर नवीन पोराला पहिल्या दिवशी रॉडच देत नसत. पाठमोरा उभा करून दुसऱ्याचं वेल्डिंग नुसतं ऐकायला लावत. "बिघडलं की हात वर कर," म्हणत. पोरं हसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी हात बरोबर वेळेला वर जायला लागत.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. १९९४-९५ च्या सुमाराची. माझ्याकडे एक मुलगा होता, मराठवाड्यातला. बोलायला कमी. ड्रिलिंग करताना तिसऱ्यांदा त्याच्या जॉबचं भोक सरकलं. त्या दिवशी माझं वरिष्ठांशी काहीतरी वाजलं होतं. मी सगळ्या बॅचसमोर तो जॉब उचलून दाखवला आणि म्हणालो, "याच्या हातात कलाच नाही. लेका, तू कुठेतरी शिपाई म्हणून लाग." पोरं हसली. तोही कसनुसा हसला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी नाही. हजेरीपटात मी लाल शाईने 'गैरहजर' लिहीत गेलो, पंधरा दिवस. मग नाव कमी झालं. नंतर त्या मशीनची दुरुस्ती निघाली, तेव्हा कळलं की ड्रिलचा स्पिंडल झिजलेला होता. ड्रिल भटकत होतं. दुसऱ्या पोरांचीही भोकं सरकत होती, पण ती जरा धीट होती, मशीन बदलून घेत होती. हा बोलला नाही आणि मी विचारलं नाही. त्याचा पत्ता शाळेच्या फायलीत होता. पत्र टाकावं असं बरेच दिवस मनात होतं. टाकलं नाही.

१९९६ साली क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी अशा विषयावरचे सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने सांगण्याचा फायदा होतो, असं त्यांना दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा सांगितल्यामुळे काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की सांगणं जितकं कामावरून सरकून माणसाकडे जातं, तितकं ते निरुपयोगी होतं, कधी घातकही. 'भोक सरकलं' हे कामाबद्दल झालं. त्यावर पुढचा प्रश्न येतो, 'का सरकलं?', आणि मग मशीनकडे लक्ष जातं. 'तुझ्या हातात कला नाही' म्हटल्यावर पुढचा प्रश्नच उरत नाही. हे मी त्या वर्षी वाचलेलं नव्हतं, पण ही सबब होत नाही. टूलरूमच्या मिस्त्रींनी ते कुठे वाचलं होतं?

कौतुकाचंही तेच. 'वा, हुशार आहेस' याने पोरगा खूश होतो आणि आहे तिथेच राहतो. आमच्या पिढीतले मिस्त्री कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. 'बरं आहे' म्हणजे त्यांचं सुवर्णपदक. मला ते काही फार थोर वाटत नाही. बरोबर आलेली गोष्ट नेमकी दाखवली तर पोराला ती पुन्हा करता येते. "आज शेवटपर्यंत दाब सारखा पडला, बघ, दोन्ही कडा सारख्या आहेत" याला कौतुक म्हणा नाहीतर माप म्हणा.

गुणांचा आकडा तर सगळ्यात आंधळा. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास आहे. काहींना फक्त गुण, काहींना फक्त सूचना, काहींना दोन्ही दिलं. नुसत्या सूचना मिळालेली मुलं सुधारली. ज्यांना दोन्ही मिळालं, ती नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. गुण दिसले की सूचना कुणी वाचत नाही. आमच्याकडे जॉबवर मार्कर पेनने '१२ पैकी ७' लिहिलं की पोरं आधी शेजाऱ्याचा जॉब बघायची, 'त्याला किती?' सात का, हे विचारायला क्वचित कुणी यायचं.

२०१९ मध्ये मी निवृत्त झालो. आता आठवड्यातून दोन दिवस चाकणला एका छोट्या प्रशिक्षण केंद्रात जातो. ज्या रस्त्याने वडिलांची बैलगाडी जायची, त्या रस्त्यावर आता कंटेनरची रांग असते. १९९९ साली बजाजने चाकणला कारखाना सुरू केला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मग महिंद्रा, आणि त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने. त्यात काम करणारी पोरं आणि पोरी बीड, लातूर, नांदेड, यवतमाळपासून बिहारपर्यंतच्या. एका खोलीत सहा-सहा जण. जर्मन पद्धतीने काही वर्षं नीट शिकवणारे कारखानेही इथे आहेत. पण बहुसंख्य पोरं येतात ती ट्रेनी किंवा कंत्राटी म्हणून, काही महिन्यांसाठी.

त्यांना शिकवतात कसं? बऱ्याच कारखान्यांत 'डोजो' नावाची खोली असते. जपानी शब्द आहे, तिथल्या कुस्ती-कराटेच्या आखाड्याला म्हणतात. तिथे बोल्ट घट्ट करायचा सराव, चांगल्या आणि खराब नगांचे नमुने, 'ओके' आणि 'एनजी' अशा पाट्या. कल्पना उत्तम आहे. काही ठिकाणी मी ती फार छान चाललेलीही पाहिली. पण दोन-तीन दिवसांत पोरगा लाइनवर हवा असतो. लाइनवर त्याला सांगणारं कोण? तर हत्यार. विजेवर चालणारा नटरनर ठरलेला टॉर्क आला की स्वतः थांबतो, हिरवा दिवा लागतो, 'पीप' वाजतं. सगळे बोल्ट झाले नाहीत तर लाइन पुढे सरकत नाही. माझी याबद्दल तक्रार नाही. ज्या गाडीत माझी नातवंडं बसणार, तिच्या चाकाचा बोल्ट कुणाच्या मूडवर अवलंबून नसलेलाच बरा.

पण त्या पोराच्या बाजूने बघा. मी एका मुलाला विचारलं, "किती महिने झाले?" "अकरा, सर." त्याने रोज शेकडो बोल्ट बसवले होते. मी त्याला साधा पाना दिला आणि एक बोल्ट हाताने लावायला सांगितला. त्याने बोल्ट तिरका घातला आणि ओढत राहिला. आटे एकमेकांवर चढले. पहिल्या फेऱ्यालाच बोटाला जे कळायला हवं, की हा बोल्ट गोडीने जात नाहीये, ते त्याला कळत नव्हतं. अकरा महिने त्याचं बोट काहीतरी सांगत असणार, पण 'पीप' त्यापेक्षा मोठ्याने बोलत होतं. आणि चढलेल्या आट्यांवरही टॉर्क येतो, हिरवा दिवा लागतो! म्हणून चांगली यंत्रं टॉर्कबरोबर बोल्ट किती फिरला तेही मोजतात. सगळीकडे ती नाहीत. अकरा महिन्यांनी या पोराचं काम संपलं की त्याच्याजवळ काय राहणार? 'पीप' तर कारखान्यातच राहणार.

याहून काळजीची गोष्ट आहे ती उलट्या दिशेच्या सांगण्याची. शिकणाराही काहीतरी सांगत असतो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस पडू नये म्हणून. दोन्ही हात बटणांवर म्हणजे ते डायमध्ये नाहीत. नगांची संख्या वाढवण्यासाठी त्यातलं एक बटण बांधून ठेवायची युक्ती जुनी आहे. एका छोट्या शॉपमध्ये लागलेला आमच्या केंद्रातला एक मुलगा तिसऱ्या दिवशी सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, हे बटण बांधलेलं आहे." उत्तर आलं, "नवीन आहेस ना? गप काम कर." त्या संध्याकाळी तो मला येऊन विचारत होता, "सर, माझंच चुकतंय का?" मी त्याला तिथून काढलं, दुसरीकडे लावून दिलं. त्या प्रेसवर त्याच्या जागी कुणीतरी बसलाच असेल. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन-उद्योगातल्या अशा अपघातांवर अहवाल काढते आहे, सुरुवात गुरुग्राम भागापासून झाली. त्यात प्रेसवर बोटं गमावलेल्यांमध्ये बाहेरगावहून आलेले, कंत्राटी कामगार जास्त दिसतात. आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. नवीन माणसाची नजर ताजी असते. जुन्यांना बांधलेलं बटण दिसेनासं झालेलं असतं. तिसऱ्या दिवशी त्याला गप्प केलं, तर तेराव्या दिवशी त्यालाही ते दिसत नाही.

म्हणून आता आमच्या केंद्रात दर शनिवारी शेवटचा अर्धा तास पोरं आम्हाला सांगतात. कुठलं हत्यार बोथट आहे, कुठल्या मशीनला हिसका बसतो, सर काय पटापट बोलून गेले. सुरुवातीला कुणी तोंड उघडत नसे. मग मी त्यांना त्या झिजलेल्या स्पिंडलची गोष्ट सांगितली, नाव न घेता. पुढच्या शनिवारी एकाने हात वर केला. "सर, चार नंबरच्या व्हाइसचे जबडे सारखे नाहीत. जॉब तिरका धरला जातो." बघितलं तर खरंच होतं. आम्ही सगळे वर्षभर त्याच व्हाइसवर शिकवत होतो.

गेल्या आठवड्याची गोष्ट. जिंतूरकडची एक मुलगी आहे, वडील ऊसतोडीला जातात. ठोकळा घासत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं नाही. गुण्या लावला, खिडकीकडे वळली, ठोकळा उजेडात धरला, बराच वेळ.

"कसा आहे?" मी विचारलं.

"पलीकडची कड अजून उतरलेली आहे, सर. शेवटी डावा हात दाबला जातोय." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही आत्ता बघू नका ना. चिठ्ठी लिहून मीच आणते."

मी पुढच्या व्हाइसकडे गेलो.